जहूरच्या नावावरचे डोंगर

मरियमबीच्या अबायाखाली डोंगर चढायचे बूट असतात, हे रंजिताला लिफ्टमध्ये कळलं.

शनिवारची सकाळ होती. रंजिता दूध आणायला खाली निघाली होती. लिफ्टमध्ये मरियमबी उभी. हातात काठी, खांद्याला पिशवी आणि पायात जाड तळव्यांचे, धुळीने पांढरे पडलेले बूट. इमारतीत तिला सगळे खाला म्हणत. रंजिताने तिला आजवर एकाच रूपात पाहिलं होतं. दारात उभी, हातात झाकलेली वाटी, आणि "पोरी, जेवलीस का गो?" हा प्रश्न.

"खाला, कुठे निघालात?"

"डबा बघायला."

"कोणाचा डबा?"

"ते गेल्यावर कळेल. येतेस? चल. दूध काय पळून जात नाही."

रंजिता चपलांवरच निघाली. खाली मरियमबीचे यजमान जहूरचाचा गाडीत बसून होते. अमिरातीतल्या रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात ते फोरमन. भट्टीपाशी उभं राहून राहून त्यांचे गुडघे गेले होते, आवाज मात्र शाबूत होता. "यल्ला, यल्ला! ऊन माझ्यासाठी थांबत नाही!" त्यांनी मागे वळून रंजिताच्या पायांकडे पाहिलं. "ही चपलांवर?"

"शिकेल," मरियमबी म्हणाली.

गाडी शहर सोडून डोंगरांकडे वळली. जबल जैस डोंगराच्या अलीकडे एका दरीच्या तोंडाशी थांबली. चाचांनी डिकीतून घडीची खुर्ची काढली, चहाचा थर्मास काढला, मोबाईल काढला. त्यावर त्यांच्या गावच्या क्रिकेट सामन्यांचे व्हिडिओ होते. ते बसले ते बसलेच. मरियमबी चालू लागली.

डोंगर म्हणजे नुसता दगड. झाड नाही, गवत नाही. खाली तपकिरी, वर करडा, त्याच्या वर कुठेतरी काळा. पायाखालून खडी सरकत होती. रंजिता पुन्हा पुन्हा थांबत होती. मरियमबी थांबत नव्हती. अबायाचा घोळ एका हाताने उचलून ती अशी चढत होती, जणू वर गॅसवर दूध ठेवून आली आहे.

"खाला, जरा..."

"बोलू नको. बोललं की दम जातो."

माथ्याच्या थोडं खाली दगडांचा एक ढीग होता. मरियमबीने मोबाईल पाहिला, ढिगाभोवती एक फेरी मारली आणि एक चपटा दगड बाजूला केला. आत प्लॅस्टिकचा डबा होता. डब्यात कागदाची गुंडाळी, एक खेळण्यातली गाडी, चावीचा छल्ला आणि कुठल्याशा देशाचं नाणं.

"याला जिओकॅशिंग म्हणतात," मरियमबी म्हणाली. शब्द तिने नीट, एकेक अक्षर सोडवत उच्चारला. "कोणीतरी डबा लपवतो. जागा मोबाईलवर टाकतो. आपण शोधायचा, कागदावर नाव लिहायचं, पुन्हा होता तसा लपवायचा. मोबाईलवर त्या जागी हसरं तोंड येतं. खलास. जगभर खेळतात. आपल्या सुमैय्याने दिलं लावून, कॅनडाला गेली तेव्हा. म्हणाली, ममा, घरात बसू नको."

"आणि मग?"

"मग काय. नाही बसले."

तिने गुंडाळीवर नाव लिहिलं. मग पिशवीतून चांदीच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि गाडीच्या शेजारी ठेवलं.

"हे काय?"

"खोबऱ्याची वडी."

"डब्यात कशाला?"

मरियमबीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीने पाहुण्यांसमोर पाय पसरले. "अगो, कोणाचा डबा हातात आला तर तो रिकामा परत करतात होय? तुझ्या आईने काय शिकवलं तुला?"

"पण हा कोणी आपल्याला दिलेला नाही."

"ठेवलाय ना कोणीतरी? येणाऱ्यासाठीच ठेवलाय ना? मग आलो आपण."

 रंजिताच्या आईनेही हेच शिकवलं होतं. खालाचीच एक वाटी आठवडाभर तिच्या ओट्यावर पडून होती. तिच्यात काय घालून परत द्यावी, हे तिला सुचत नव्हतं.

उतरताना तिच्या लक्षात आलं की गुंडाळीवर खालाने नाव लिहिलं होतं ते 'जहूर, रास अल खैमा' असं.

"चाचाही चढतात?"

"ते?" मरियमबी एका दगडावरून दुसऱ्यावर गेली. "ते गाडीतून उतरताना कुरकुरतात."

*

नावाची भानगड अशी होती. मोबाईलचं सिम जहूरचाचांच्या नावावर. घराचा करार त्यांच्या नावावर, विजेचं बिल त्यांच्या नावावर, खुद्द मरियमबीचा व्हिसाही त्यांच्याच नावावर. सुमैय्याने खातं उघडताना नाव विचारलं तेव्हा मरियमबी सवयीने म्हणाली, "अब्बांचं टाक." डोंगरही त्यांच्या नावावर गेले.

चाचांची याला काही हरकत नव्हती. सुरुवातीला त्यांना हा खेळ म्हणजे पेट्रोलची नासाडी वाटायचा. मग खेळणाऱ्यांचे संदेश येऊ लागले. 'जहूरभाई, काय चढता तुम्ही!' 'जहूर सर, त्या कड्यावर तुम्ही एकटे गेलात? सलाम.' संध्याकाळी चाचा चष्मा लावून बसत आणि उत्तरं देत. 'अल्लाची मेहरबानी.' 'सराव ठेवा, जमेल.' एका जर्मन माणसाने गुडघ्यांची काळजी कशी घेता असं विचारलं, तेव्हा त्यांनी बराच विचार केला आणि लिहिलं, 'मी त्यांना जास्त त्रास देत नाही.'

रंजिता आता दर शनिवारी जाऊ लागली. तिने बूट घेतले. दम कमी लागू लागला. आणि एक गोष्ट तिला हळूहळू कळत गेली.

मरियमबीचं माहेर म्हसळ्याच्या पुढे, खाडीवरच्या उतारावर. तिथे विहीर खाली, घर मध्ये आणि शाळा वर. करवंदांना वर, मासळीला खाली. सपाट असं तिच्या लहानपणी काही नव्हतंच. लग्न होऊन ती इथे आली आणि जमीन एकदम सपाट झाली. फ्लॅट, लिफ्ट, गाडी, बाजार, गाडी, लिफ्ट, फ्लॅट. डोंगर खिडकीतून दिसत. पोरं वाढवता वाढवता ती ते बघत राहिली. पण बाईमाणसाने या वयात डोंगरावर का जावं? हवा खायला? ओळखीच्या बायकांनी पदराआड हसून घेतलं असतं. चाचांनी गाडी काढली नसती. डबा बघायला जायचं म्हटलं की मात्र ते काम झालं. कामाला कोणी अडवत नाही. रविवारी ती बायकांमध्ये सरळ म्हणायची, "काल डब्याला गेले होते," आणि कोणी पुढे विचारत नसे. डबा म्हटलं की बायकांना तो जेवणाचाच वाटायचा.

"खातं आहे म्हणून डबा आहे," ती एकदा चढता चढता म्हणाली, बोलू नये हा स्वतःचाच नियम मोडून. "डबा आहे म्हणून मी इथे आहे. नाहीतर मी आत्ता भेंडी चिरत असते."

*

नागेशचा सगळ्या खेळणाऱ्यांना संदेश आला तो यानंतर.

नागेश मूळचा नाशिकचा. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये त्याचं ऑफिस. अमिरातीत डोंगर तुडवणाऱ्या मराठी लोकांचा ग्रुप त्याने जमवला होता. शिवाय इथल्या डब्यांवर देखरेख ठेवायचं काम खेळ चालवणाऱ्या कंपनीने त्याला दिलं होतं, बिनपगारी. बिनपगारी असल्यामुळे तो ते फार मनापासून करायचा. त्याच्या पँटला सगळीकडे खिसे होते आणि गळ्यात शिट्टी.

रंजिताने संदेश मरियमबीला तिच्याच स्वयंपाकघरात वाचून दाखवला. गॅसवर नारळाची वडी होती.

"'कोणीतरी डब्यांमध्ये खाद्यपदार्थ ठेवत आहे. हे खेळाच्या नियमाविरुद्ध आहे. डोंगरातल्या शेळ्या वासाने येतात आणि डबे फोडतात. आतापर्यंत बरेच डबे फुटले. एकाच्या झाकणावर दातांचे ठसे आहेत. फोटो सोबत जोडला आहे.'"

"बघू."

मरियमबीने फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. "काळीचे आहेत. माझ्या मागे मागे येते ती शेळी, तिचा एक दात मोडलाय."

"खाला!"

"बरं. पुढे वाच."

"'ही व्यक्ती सापडल्यास तिचं खातं कायमचं बंद करण्यात येईल. ती पुन्हा खेळू शकणार नाही. नागेश.'"

मरियमबीचा हात कढईत थांबला. वडी बुडाला लागल्याचा वास आला, तरी थांबलेलाच.

"मला वाटलं लोक खातात," ती म्हणाली.

"लोक येईपर्यंत शेळ्या येतात."

"आणि कायमचं म्हणजे कायमचं?"

"असं लिहिलंय."

 तिने गॅस बंद केला. "खलास. आजपासून वडी नाही."

तिने शब्द पाळला, पण हालत वाईट होती. डब्यात ती सेफ्टी पिना ठेवू लागली. मग बटणं. एकदा केसांचा चाप. प्रत्येक वेळी झाकण लावताना तोंड कडू करायची. "कोणाच्या घरी जाऊन चहा न घेता उठल्यासारखं वाटतं गो."

शेळ्या मात्र येत राहिल्या. त्या काही अंतर ठेवून मागे चालायच्या. मरियमबी मागे वळायची नाही. "बघू नको त्यांच्याकडे," ती रंजिताला दातांतून सांगायची. "बघितलं की मला राहवणार नाही."

*

हे निभावलं असतं. पण नागेशने जहूरचाचांना फोन केला.

"सर! ग्रुपतर्फे आपला सत्कार करायचा आहे. अमिरातीतला सर्वात जास्त डबे शोधणारा मराठी माणूस. शाल, श्रीफळ, सगळं. डोंगराच्या पायथ्याशीच कार्यक्रम करू. आणि मग आपण आम्हाला वर घेऊन चला. मी नवा डबा ठेवलाय."

फोन स्पीकरवर होता. मरियमबी मान हलवून नको नको म्हणत होती. रंजिता दोन्ही हातांनी नको म्हणत होती. चाचांनी दोघींकडे पाहिलं, शाल हा शब्द मनात घोळवला आणि म्हणाले, "इन्शाल्ला."

फोन ठेवल्यावर मरियमबीने कमरेवर हात ठेवले. "सुमैय्याचे अब्बा. वर कोण जाणार?"

"मी सत्काराला हो म्हटलं. वर जाण्याला इन्शाल्ला म्हटलं."

"दोन्हीला एकदाच म्हटलंत!"

"आयुष्यात कोणी मला शाल घातली नाही, मरियम. कारखान्यात हेल्मेट घातलं फक्त."

 शेवटी असं ठरलं: सत्कार होऊ द्यायचा. मग चाचांचा गुडघा दुखेल. यात खोटं काही नव्हतं, तो रोजच दुखायचा. त्यांच्या वतीने मरियमबी आणि रंजिता लोकांना वर नेतील. खाऊ न्यायचा नाही.

"लोक घरचे पाहुणे म्हणून येणार," मरियमबी म्हणाली. "त्यांना हातावर काही द्यायचं नाही?"

"खाला, नको."

"डब्यात नाही ठेवत. माणसांच्या हातात देते. माणसांना द्यायला नियम आहे का?"

नियम नव्हता. रंजिताने शोधून पाहिलं.

*

कार्यक्रमाला गर्दी चांगली होती. दोन गाड्यांच्या मध्ये बॅनर बांधला होता. 'डोंगरवीर जहूर सर यांचा जाहीर सत्कार.' वारा बॅनर फुगवत होता, त्यामुळे कधी नुसतंच 'वीर' दिसायचं, कधी नुसतं 'सर'. नागेशने शिट्टी वाजवून सगळ्यांना उभं केलं.

"मित्रांनो, आज आपल्यात एक असा माणूस आहे, जो बोलत नाही, चढतो."

चाचा खुर्चीत बसून होते. त्यांनी नम्रपणे मान खाली घातली. शाल घातली गेली. नारळ हातात आला. टाळ्या झाल्या. मग नागेश म्हणाला, "सर, दोन शब्द."

मरियमबीने डोळे मिटले.

चाचा उठले. घसा साफ केला. "मी काय बोलणार. इथला प्रत्येक डोंगर मी पाहिलाय. पायथ्याशी बसून तासन् तास पाहिलाय. वर जाणारा माणूस कुठे दिसतो, कुठे दिसेनासा होतो, सगळं मला पाठ आहे." त्यांनी शाल खांद्यावर सारखी केली. "दिसेनासा झाला की मी थर्मासचं झाकण लावून ठेवतो. परत दिसला की मी चहा ओततो."

लोकांना यात फार खोल अर्थ आहे असं वाटलं. एका बाईने डोळे पुसले. रंजिताने मरियमबीकडे पाहिलं. ती आता डोळे उघडून नवऱ्याकडे बघत होती.

मग ठरल्याप्रमाणे गुडघा दुखला. चाचांनी तो फारच मन लावून दुखवला. "तुम्ही जा. ही नेईल तुम्हाला. माझ्याबरोबर येऊन येऊन तिलाही वाट माहीत झालीय."

मरियमबीच्या कपाळावर एक आठी उमटली. तेवढीच.

वर निघाले तेव्हा नागेश पुढे होता. पहिल्याच चढावर बरेच जण मागे फिरले, उरलेले वाटेत फोटो काढत बसले. कड्याखालच्या वळणावर पोचेपर्यंत नागेश, मरियमबी आणि रंजिता एवढेच राहिले. नागेश धापा टाकत होता. मरियमबीने पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून पुढे केला.

"घ्या. दम लागलाय."

"थँक यू, भाभी." त्याने वडी तोंडात टाकली. "अरे, काय सुंदर! घरी केली?"

तेवढ्यात वरून खडी घरंगळली.

शेळ्या उतारावरून आल्या, धावत. सगळ्यांत पुढे काळी. त्या नागेशच्या दोन्ही बाजूंनी गेल्या, जणू तो खांब आहे. रंजिताला त्यांनी हुंगलंही नाही. त्या थेट मरियमबीपाशी जाऊन थांबल्या. एकीने डोकं तिच्या कमरेला घासलं. एकीने अबायाची बाही तोंडात धरली. काळीने मान लांब करून पिशवीत तोंड खुपसलं, घरच्यासारखं.

"हट! चल, हट! मी ओळखत नाही तुम्हाला!" मरियमबी म्हणाली.

काळीने पिशवीतून मान काढून तिच्याकडे पाहिलं. तिचा एक दात मोडलेला होता.

नागेशच्या तोंडात अजून वडी होती. त्याने चावणं थांबवलं. शेळ्यांकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. मग खिशातून केळं काढून सोललं आणि काळीपुढे धरलं. काळीने तोंड फिरवलं.

"इथल्या शेळ्या फार माणसाळलेल्या आहेत," रंजिता म्हणाली. तिला स्वतःलाच ते पटलं नाही.

नागेशने घास गिळला. "भाभी. डब्यांमध्ये खाऊ तुम्ही ठेवायचात?"

मरियमबीने बाही शेळीच्या तोंडातून सोडवली. "ठेवायचे. आता नाही ठेवत. तुमचा संदेश आल्यापासून सेफ्टी पिना ठेवते. विचारा हिला."

"पण का?"

"तुमच्या घरी शेजारणीचा डबा आला तर तुमची बायको रिकामा परत देते?"

 नागेशची बायको गिरिजा हिच्या हातून तसा डबा गेलेला त्याला आठवत नसावा. त्याने शिट्टी उगाच हातात घेतली, पुन्हा सोडली. 

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला, हलक्या आवाजात. "हे बघा, भाभी. खातं सरांचं आहे. सरांनी काही केलेलं नाही. तुम्ही नुसत्या सोबत यायच्या, सर पुढे डबा शोधायचे, तुम्ही मागून प्रेमाने काहीतरी ठेवायच्या. सरांना कदाचित माहीतही नसेल. मी हे विसरतो. सरांचं नाव खराब करायचं नाही. फक्त इथून पुढे सरांबरोबर येताना पिशवी आणू नका. झालं?"

रंजिताने सुटकेचा श्वास सोडला. वाचलो. खातं राहिलं, डोंगर राहिले. फक्त 'हो' म्हणायचं होतं. तिने मरियमबीच्या कोपराला हळूच चिमटा काढला.

 मरियमबीने खाली पाहिलं. पायथ्याशी खुर्ची एवढीशी दिसत होती, आणि खुर्चीत शाल.

"सरांबरोबर," ती म्हणाली.

"हो."

"सर पुढे, मी मागे."

"म्हणजे, तसंच ना?"

"खाला," रंजिता पुटपुटली, "हो म्हणा."

"तुझा सर," मरियमबी म्हणाली, आणि 'तुम्ही' तिथेच कुठेतरी दरीत पडलं, "तुझा सर गेल्या ईदला जिना चढला. एक मजला. त्यानंतर दोन दिवस झोपून होता. तो काळा कडा मी चढले. पलीकडचा, ज्याला तू सलाम ठोकलास ना मोबाईलवर, तोही मी. पावसात दरीला पाणी आलं तेव्हा अबाया गुडघ्यापर्यंत खोचून मी गेले. सर खाली चहा पीत होता. सगळे डोंगर माझे आहेत. कर काय करायचं ते. बंद कर खातं. पण मी मागून आले असं म्हणू नको."

 काळी शांतपणे पिशवीचा बंद चघळत होती.

रंजिता बघत राहिली. खालाने खातं असं टाकून दिलं, जसं कोणी हातातली पिशवी रस्त्यात ठेवून निघून जावं.  आणि आता तिने खालचा ओठ दाताखाली धरला होता.

"मला लिहावं लागेल," नागेश म्हणाला. चेहरा पडला होता. "कंपनीला. दोन्ही गोष्टी. खोट्या नावाचं तर फारच..."

"लिही."

"नियम आहे, भाभी."

"लिही म्हटलं ना. आणि आणखी एक वडी घे, उतरायला ताकद लागते."

त्याने घेतली.

*

खाली पोचले तेव्हा चाचांनी सत्काराचा नारळ दगडावर आपटून फोडला होता आणि मागे फिरलेल्यांना खोबरं वाटत होते. नागेशने त्यांना बाजूला घेतलं. रंजिताला लांबून फक्त चाचांचा आवाज ऐकू आला.

"शाल? शाल परत? हबीबी, झालेला सत्कार परत घेत नाहीत. नारळ तर हे लोक खाऊन बसले."

 घरी जाताना शाल चाचांच्या खांद्यावर होती. सिग्नलला ते म्हणाले, "सांगायची काय गरज होती?"

"होती," मरियमबी खिडकीतून डोंगरांकडे बघत म्हणाली.

"मग बरं झालं," चाचा म्हणाले आणि गाडी पुढे घेतली.

पुढच्या शनिवारी लिफ्टमध्ये कोणी नव्हतं. त्याच्या पुढच्याही. मरियमबी दारात यायची, वाटी द्यायची, जेवलीस का विचारायची. बूट गॅलरीत उलटे ठेवले होते. सुमैय्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "ममा, आर यू ओके?" मरियमबी म्हणाली, "मला काय धाड भरलीय," आणि भेंडी चिरत राहिली.

मग एका संध्याकाळी कंपनीची मेल आली. चाचा चष्मा शोधत होते, म्हणून रंजिताने वाचली. एकदा वाचली. मग पुन्हा, हळू. मग ती जमिनीवरच बसली.

"काय लिहिलंय गो? एवढं वाईट?"

"खाला," रंजिता म्हणाली, "बंदी चाचांवर आहे."

"माझ्यावरच म्हणजे."

"नाही. चाचांवर. जहूर या खातेदाराने दुसऱ्या व्यक्तीला आपल्या नावाने खेळू दिलं आणि खातेदाराच्या नावाने खाद्यपदार्थ ठेवले गेले, म्हणून या खातेदाराला आयुष्यभर खेळता येणार नाही. तुमचं नाव कुठेच नाही. तुमचं खातंच नव्हतं. ज्याचं खातं नाही, त्याच्यावर बंदी कशी घालणार? नागेशने खाली लिहिलंय. 'नियमाप्रमाणे कारवाई झाली आहे. भाभींना सांगा, मी याहून जास्त काही करू शकत नाही.'"



"म्हणजे मला," चाचा सावकाश म्हणाले, "आयुष्यात कधी डोंगर चढता येणार नाही?"

"नाही, चाचा."

चाचांनी यावर विचार केला. त्यांचा चेहरा उजळत गेला. ते गुडघ्यावर हात फिरवू लागले. दुसऱ्या दिवसापासून ते कारखान्यात सगळ्यांना ही बातमी सांगणार होते, छाती पुढे काढून: मला कंपनीने डोंगरावर बंदी घातली आहे.

मरियमबीने हात धुतले, पदराला पुसले आणि मोबाईल रंजितापुढे धरला. "उघड. माझ्या नावाने. मरियमबी, पूर्ण लिही."

खातं उघडलं. नकाशा आला. डोंगरांवर सगळीकडे डब्यांच्या हिरव्या खुणा. एकही हसरं तोंड नाही. शून्य. रंजिताला वाईट वाटलं. इतकी वर्षं, इतके कडे, काहीच नाही. ती काहीतरी समजुतीचं बोलायला शब्द शोधू लागली.

मरियमबी नकाशावर बोट फिरवत होती. दरीतून वर, वरून कड्यावर, कड्यावरून पलीकडे. तिचे डोळे पोरीसारखे झाले होते.

"सगळे परत लपले," ती म्हणाली.

"पण खाला, ते कुठे आहेत तुम्हाला माहीत आहे."

"मला? मी बाई विसरले सगळं."

डब्यात ती आता खरंच काही खायचं ठेवत नाही. डब्याबाहेर, दोन दगड सोडून, काळीच्या तोंडात काय जातं, ते नागेशने विचारलेलं नाही आणि तिने सांगितलेलं नाही.

शनिवारी सकाळी तिने गॅलरीतले बूट सुलटे केले, दारात उभी राहून काठी आपटली. "सुमैय्याचे अब्बा, उठा. काळ्या कड्याला जायचंय."

चाचांनी पांघरुणातून तोंड बाहेर काढलं. "त्या कड्याला? तिथे तर गेलो होतो!"

"तुम्ही गेला होतात," मरियमबी म्हणाली. "मी कुठे गेले होते?"